वारणेचा पूल आणि दोन राज्यं

पुण्याहून कोल्हापूरला येताना कणेगाव मागं पडतं, गाडी वारणेच्या पुलावर चढते आणि खालचं पाणी नीट बघून होईपर्यंत घुणकी येते. एवढ्यात आपण दोन छत्रपतींच्या राज्यांची सरहद्द ओलांडलेली असते. सगळी गाडी पेंगतच असते म्हणा.

ही सरहद्द ठरली १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहानं. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज हे चुलतभाऊ, दोघंही शिवरायांचे नातू. आदल्या वर्षी संभाजी महाराजांच्या वारणाकाठच्या छावणीवर साताऱ्याची फौज तुटून पडली होती. संभाजी महाराज पन्हाळ्याकडं निसटले, त्यांच्या सावत्र आई ताराबाई हाती लागल्या. पुढं कऱ्हाडजवळ जखिणवाडीला भाऊ भाऊ भेटले आणि मग तह झाला.

गंमत इथंच आहे. हरलेल्या भावाला राज्य मिळालं! वारणेच्या दक्षिणेचा मुलूख, किल्ल्या-ठाण्यांसकट, कोल्हापूरचा. उत्तरेवरचा दावा मात्र कायमचा सुटला. वारसाहक्काचं इतकं जुनं भांडण, आणि त्याची वाटणी बांधावर उभं राहून करावी तशी नदी धरून केली. नदी कुणाला दाखवायला लागत नाही, आणि दगडासारखी रातोरात सरकवताही येत नाही.

वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. तिथनं पुढं सरहद्द कृष्णेची, थेट तुंगभद्रेच्या संगमापर्यंत. तो संगम कुठं, तर पार कुर्नूलजवळ! तेवढ्यानंही भागलं नाही. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जो मुलूख पुढं जिंकला जाईल तो निम्मा निम्मा, असंही कलम घातलं. पीक यायच्या आधीच वाटे ठरवणारे हे भाऊ मला फार आवडतात.

त्यातलं रामेश्वर कागदावरच राहिलं. वारणा मात्र टिकली. थोरली गादी साताऱ्याची. ती इंग्रजांनी १८४८ साली खालसा केली. कोल्हापूर संस्थान त्यानंतर शंभर वर्षं राहिलं आणि १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. छत्रपती गेले, कलेक्टर आले, तरी आज शिराळा, वाळवा, मिरज नदीच्या त्या अंगाला, सांगली जिल्ह्यात. आणि शाहूवाडी, पन्हाळा, हातकणंगले, शिरोळ या अंगाला, कोल्हापूर जिल्ह्यात. दोन्ही काठांवर ऊस तोच, सोयरिकीही आरपार. तहसील कचेरीत काम निघालं की मात्र घुणकीकरानं हातकणंगल्याला जायचं आणि कणेगावकरानं ईश्वरपूरला, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूरला.