प्रश्न कुठलाही येवो, तुमची स्लाइड तयार हवी

समजा, तुमच्या बचत गटाला मसाल्यांच्या व्यवसायासाठी कर्ज हवे आहे. बँकेत प्रेझेंटेशनसाठी 15 मिनिटे मिळाली आहेत. रात्र जागून तुम्ही 24 स्लाइड्स बनवल्या आहेत. तिसऱ्याच स्लाइडवर साहेब विचारतात, ‘‘हे सगळं ठीक आहे, पण महिन्याचा हप्ता कशातून भरणार?’’

उत्तर तुमच्याकडे आहे, पण ते 19व्या स्लाइडवर. मग बटणाची टकटक सुरू होते. गटाचे फोटो, पाकिटांची डिझाइन्स, दरपत्रक सगळे झरझर पळते आणि तुम्ही गडबडून जाता. किंवा मग तुम्ही म्हणता, ‘‘ते पुढे येणारच आहे, सर.’’ दोन्ही वेळा समोरच्याला वाटते, यांचा हिशेब पक्का नाही.

खरे तर हिशेब पक्का असतो, फक्त स्लाइड्स एकामागे एक अशाच क्रमाने लावलेल्या असतात.

कीर्तनकाराकडून शिका

आपल्याकडे कीर्तनकार काय करतात ते आठवून पाहा. निरूपण सुरू असताना ते मध्येच एखादा दृष्टांत सांगतात, श्रोते रमले तर तो लांबवतात, कंटाळले तर आवरता घेतात, पण परत येतात ते मूळ अभंगावरच. म्हणून कितीही फिरून आले तरी श्रोत्यांचा धागा सुटत नाही. प्रेझेंटेशनलाही असेच एक ‘मूळ पद’ हवे, म्हणजे जिथून कुठेही जाता येईल आणि जिथे परत येता येईल अशी एक मुख्य स्लाइड.

कोणते सॉफ्टवेअर वापराल?

पॉवरपॉइंट : 1987 साली आलेले हे सॉफ्टवेअर बहुतेकांना माहीत असते, पण त्यातली झूमची सोय अनेकांनी उघडूनही पाहिलेली नसते. 2019च्या आवृत्तीपासून ती मिळते. ‘इन्सर्ट’मध्ये जाऊन ‘झूम’ आणि मग ‘समरी झूम’ निवडा. प्रत्येक विषयाची पहिली स्लाइड निवडली की त्या सर्वांची छोटी चित्रे असलेली एक नवी स्लाइड आपोआप तयार होते. ज्या चित्रावर क्लिक कराल तो विषय उघडतो आणि तो संपला की तुम्ही पुन्हा त्याच मुख्य स्लाइडवर येता.

गूगल स्लाइड्स : हे मोफत आहे. यात झूम नाही, पण एखादा शब्द किंवा चित्र निवडून त्याला त्याच प्रेझेंटेशनमधल्या दुसऱ्या स्लाइडची लिंक देता येते. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात घराचे छोटे चिन्ह ठेवा आणि त्याला मुख्य स्लाइडची लिंक द्या. पॉवरपॉइंटची जुनी आवृत्ती असेल तर तिथेही हीच युक्ती चालते.

प्रेझी : हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात 2009 साली सुरू झालेले हे सॉफ्टवेअर. यात सगळा विषय एकाच मोठ्या फलकावर मांडलेला असतो. हव्या त्या भागाजवळ जायचे आणि पुन्हा मागे येऊन पूर्ण चित्र दाखवायचे. मुलांना शाळेच्या प्रकल्पासाठी हे फार आवडते. मात्र सतत आतबाहेर फिरवत राहिलात तर पाहणाऱ्यांना गरगरते. मोफत खात्यातले प्रेझेंटेशन इतरांना दिसते का, हेही आधी तपासून घ्या.

तयारी अशी करा

* आधी स्लाइड्स नाही, प्रश्न लिहा. समोरची व्यक्ती काय काय विचारेल? खर्च किती, विक्री कुठे, हप्ता कसा, नुकसान झाले तर काय? असे चार-पाच प्रश्न म्हणजेच तुमची मुख्य स्लाइड.

* प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला तीन-चारपेक्षा जास्त स्लाइड्स नकोत. बारीक तपशील शेवटी वेगळे ठेवा, विचारले तरच दाखवा.

* स्लाइड्सच्या क्रमांकांची यादी कागदावर लिहून जवळ ठेवा. प्रेझेंटेशन सुरू असताना 19 टाइप करून एंटर दाबले की पॉवरपॉइंट आणि गूगल स्लाइड्स थेट 19व्या स्लाइडवर नेतात. काहीच शिकायला वेळ नसेल तर निदान एवढे लक्षात ठेवा.

* स्लाइडवरून लक्ष काढून फक्त बोलायचे असेल तर ‘बी’ हे बटण दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबले की स्लाइड परत दिसते.

* ऐनवेळी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर झूम चालेलच असे नाही. आपली फाइल तिथे आधी उघडून पाहा. पीडीएफ प्रत जवळ असू द्या, पण त्यात झूम चालत नाही हे ध्यानात ठेवा.

घरच्यांना साहेब बनवा

सराव आरशासमोर करू नका, कारण आरसा प्रश्न विचारत नाही. मुलांना, नवऱ्याला किंवा सासूबाईंना समोर बसवा आणि सांगा, मध्येच कुठेही अडवा, काहीही विचारा. पहिल्यांदा गोंधळ उडेल. दोन-तीन वेळा झाले की कोणता प्रश्न आला तर कुठे जायचे हे हाताला आपोआप कळू लागते.

एक मात्र खरे, की प्रत्येक वेळी असे प्रेझेंटेशन लागतेच असे नाही. पाककृती शिकवायची असेल, एखादी घटना सांगायची असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंतचा सरळ क्रमच बरा. फोडणीच्या आधी वाढप दाखवून चालत नाही. पण जिथे समोरचा माणूस ऐकून निर्णय घेणार आहे, तिथे त्याच्या प्रश्नाला ‘थांबा’ म्हणू नका.

तिसऱ्या स्लाइडवर हप्त्याचा प्रश्न आला, तुम्ही शांतपणे एक क्लिक केला आणि हिशेब समोर आला, तर साहेबांना वेगळे काही पटवून द्यावे लागणार नाही. व्यवहार कुणाच्या हातात आहे हे त्यांना दिसलेले असेल.