गणिताचं ॲप निवडताना मुद्दाम चुका!

चौथी ते सहावीतल्या मुलासाठी गणिताचं ॲप शोधताय? आधी स्वतः उघडा आणि चुकीचं उत्तर द्या. १/२ + १/३ = २/५ असं लिहा; अंशात अंश, छेदात छेद मिळवून बरीच मुलं हेच लिहितात. ॲप नुसती लाल फुली मारतं, की २/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे हे संख्यारेषेवर दिसू देतं? माझ्या मते निवड इथेच ठरते. नाणी, तारे यांना मी मोल देत नाही. पळत्या घड्याळाने तर मुलं विचार सोडून अंदाज ठोकतात.

माझी पहिली पसंती 'फेट'. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. मोफत आहे, त्यातलं बरंच काही मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. छेद वाढवला की वर्तुळाचे तुकडे बारीक होतात, हे मूल स्वतः करून बघतं!

भूमितीसाठी जिओजेब्रा घ्या. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, बेरीज मात्र १८०° च राहते. जाहिराती दाखवणारं ॲप या वयात नकोच.