पोरगी नाटकाचं शिकायचं म्हणते तेव्हा



बारावीचा निकाल लागला की वैराग आणि आसपासच्या गावांत घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. पुढं काय? नर्सिंग, डी.एड., बी.कॉम., नाहीतर सोयरीक. त्यात एखादी मुलगी म्हणते, "मला नाट्यशास्त्र शिकायचंय," नाहीतर "मला मास कम्युनिकेशनला जायचंय." मग घर गप्प होतं. आजी विचारते, "म्हणजे तमाशात जाणार का गं?" वडील विचारतात, "त्याला नोकरी कुठं लागती?" फीचे पैसे बरेचदा बचत गटातूनच उचलायचे असतात, म्हणून हा प्रश्न गटाच्या बैठकीतही येतो. हे शिक्षण नेमकं काय असतं, ते आज समजून घेऊ.

आधी संज्ञापन, म्हणजेच मास कम्युनिकेशन. एकाची गोष्ट अनेकांपर्यंत नीट पोचवणं, हे त्याचं काम. आपल्याच शिवारातलं उदाहरण घ्या. ज्वारीवर काणी रोग पडू नये म्हणून एक किलो बियाण्याला ४ ग्रॅम गंधक चोळा, असं कृषी खातं सांगतं. माहिती खरी आहे, पण ४ ग्रॅम मोजायला घरात काटा कुठं असतो? संज्ञापन शिकलेली मुलगी आधी हाच प्रश्न विचारेल. ती सांगेल, "१० किलो बियाण्याला ४० ग्रॅम गंधक, दुकानातूनच तोलून आणा." हे रेडिओवर कधी सांगायचं, पेरणीच्या किती आधी सांगायचं, ऐकणाऱ्या बाईच्या हातात त्या वेळी कुठलं काम असतं, याचाही ती विचार करेल. बातमी लिहिणं, मुलाखत घेणं, आवाज आणि चित्र यांची काटछाट करणं, खरं-खोटं तपासणं, पत्रकारितेचे कायदे हे सगळं या अभ्यासात येतं.

नाट्यशास्त्र त्याच्या शेजारचं. त्यात अभिनय असतोच, पण आवाजाचा रियाज, शरीराची कसरत, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा आणि नाट्यलेखनही असतं. गंधकाचीच गोष्ट सासू-सुनेच्या भांडणातून रंगवली, तर गावातलं लहान पोरही ती विसरत नाही. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' हे नाटक स्त्रीमुक्ती संघटनेच्या बायकांनी १९८३ पासून गावोगाव केलं. मोठा रंगमंच नाही, भारी कपडे नाहीत. तरी हुंडा आणि मुलीच्या जन्माची नाराजी यांवर लोक उघड बोलायला लागले.

आता आजीच्या शंकेकडे वळू. तमाशा ही आपली कला आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. विठाबाई नारायणगावकर आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, आज त्यांच्या नावानं राज्य शासन पुरस्कार देतं. पण एवढ्या मोठ्या कलावंतिणीचं म्हातारपण हलाखीत गेलं. कला अंगात होती. कामाचा लेखी करार, ठरलेला मोबदला, आजारपणाची सोय यातलं काही हाताशी नव्हतं. मुलीनं हे रीतसर शिकावं, याचं हेही एक कारण आहे. शिकलेल्या मुलीला करार वाचता येतो, आपल्या लिखाणावरचा हक्क कळतो, आणि एक काम सुटलं तर दुसरं शोधता येतं.

शिकायचं कुठं? सर्वांत जवळचं म्हणजे केगावचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. ते २००४ साली सुरू झालं, तिथं पदवीनंतर मास कम्युनिकेशनचं एम.ए. करता येतं. म्हणजे मुलीनं बार्शीला किंवा सोलापूरला आधी कुठलीही पदवी घेतली, तरी ही वाट बंद होत नाही. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तिथं बारावीनंतर नाटकाची पदवी मिळते, पण प्रवेशाला चाचणी द्यावी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं उभं करणारे लक्ष्मण देशपांडे तिथंच शिकवत. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचं. तिथला ३ वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतर असतो आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. आपल्या रोहिणी हट्टंगडी तिथंच शिकल्या. घर सोडता येत नसेल, लग्न झालं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पत्रकारितेचं शिक्षण त्यातून घेता येतं.

या वाटेनं गेलेलं आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण म्हणजे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. गरीब वडार कुटुंबातला हा मुलगा. पुण्यात मराठी एम.ए. केल्यावर नगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकायला गेला. तिथं शिकताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका पोराची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतरचे. सैराटमधली आर्ची, अकलूजची रिंकू राजगुरू, शाळेत असतानाच निवडली गेली. तसं नशीब एखादीचंच उघडतं. बाकीच्या मुलींनी नशिबाची वाट बघत बसू नये, म्हणून शिक्षण आहे.

नोकरीचं खरं सांगते. डिग्री मिळाली की महिन्याचा पगार सुरू, असं या क्षेत्रात सहसा होत नाही. पहिली २-३ वर्षं तुकड्या-तुकड्यांचं काम असतं. पण कामं बऱ्याच तऱ्हेची असतात. वर्तमानपत्र, आकाशवाणी, शाळेत नाट्यशिक्षक, आरोग्य आणि शेतीच्या संस्थांमध्ये प्रचाराचं काम, जाहिराती, मालिकांचं लेखन, दुसऱ्या भाषेतल्या मालिकांना आवाज देणं. सामुदायिक रेडिओचं दार तर बायकांसाठी मोठं उघडलंय. २००६ साली केंद्र सरकारनं स्वयंसेवी संस्थांनाही असा रेडिओ चालवायची मुभा दिली. २००८ मध्ये तेलंगणात झहीराबादजवळ दलित शेतकरी बायकांनी संगम रेडिओ सुरू केला. आपल्या शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग चालतो.

फी भरण्याआधी गटानं मुलीला सोबत घेऊन चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, अभ्यासक्रमाला विद्यापीठाची मान्यता आहे का? "३ महिन्यांत हिरोईन करतो" म्हणून लाखभर रुपये मागणाऱ्या दुकानांपासून लांब राहा. सिनेमात काम देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर ते काम खोटं समजा.

दुसरी, खर्च किती? फी वेगळी, वसतिगृह वेगळं, जेवण वेगळं मोजा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून जी शुल्कमाफी जाहीर झाली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे कॉलेजात विचारूनच हिशेब मांडा.

तिसरी, सुरक्षिततेचं काय? तालमी रात्री चालतात, हे खरं. वसतिगृह किती लांब आहे, तालमीनंतर मुली कशा परततात, ते विचारा. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्यानुसार कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मुलीकडे पहिल्याच दिवशी असू द्या.

चौथी गोष्ट मुलीलाच विचारा. पडद्यामागं राबायची तयारी आहे का? झाडलोट, दिवे लावणं, रात्र रात्र पाठांतर हे सगळं करावं लागतं. ती हो म्हणाली, तर तिला एक काम द्या. येत्या ग्रामसभेसाठी मैत्रिणींना घेऊन १५ मिनिटांचं पथनाट्य बसवायला सांगा. विषय गावातलाच असू दे, पाण्याचा नाहीतर बालविवाहाचा. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो का, चार पोरींना ती सांभाळून घेते का, गर्दीला घाबरते का, हे तुम्हांला समोरच दिसेल. तिच्या वडलांनाही दिसेल. मग कर्जाचा अर्ज बैठकीत ठेवा आणि सगळ्यांनी मिळून ठरवा.