मुलांचा राग आणि श्वासाचे शिक्षण : शंभर वर्षांचा मागोवा

राग किंवा भीती अनावर झाली की मुलाचा श्वास उथळ आणि भरभर होतो. उच्छ्वास मुद्दाम लांबवला तर व्हेगस ही चेता हृदयाची गती मंदावते आणि शरीर हळूहळू निवळते. श्वास आणि मनाची ही सांगड भारतात फार जुनी. पतंजलीच्या योगसूत्रांत, पहिल्या पादाच्या 34 व्या सूत्रात, मन प्रसन्न ठेवण्याच्या उपायांमध्ये श्वास सोडण्याचा आणि आवरण्याचा उल्लेख येतो. मुलांच्या वाट्याला मात्र ही विद्या मुख्यतः मुंजीनंतरच्या संध्येतून आली. मुली आणि बहुसंख्य समाजाची मुले तिच्याबाहेरच राहिली.

ही चौकट विसाव्या शतकात सैल झाली. योगेंद्रजींनी 1918 मध्ये मुंबईत योग संस्था काढली, तर स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम. कुवलयानंदांनी प्राणायाम प्रयोगशाळेत तपासला. प्राणायामाने शरीराला जास्तीचा प्राणवायू मिळतो ही समजूत त्यांच्या मोजमापात टिकली नाही. त्याचा खरा उपयोग मज्जासंस्थेला होतो, असे त्यांचे मत बनले. शाळांसाठी त्यांनी सामुदायिक यौगिक व्यायामही बसवले. त्याच काळात औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार रुजवले. भर सगळा बळकट शरीरावर आणि शिस्तीवर होता. मुलाच्या आतल्या खळबळीचा विचार त्यात फारसा नव्हता, ही त्या काळाची मोठी उणीव म्हणावी लागेल.

मराठवाड्यातल्या खेड्यांची वाट मात्र वेगळी होती. उदाहरणार्थ, आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले केदारखेडा हे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबई प्रांताचे शालेय अभ्यासक्रम इथे लागू नव्हते. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1981 मध्ये जालना जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे शालेय शारीरिक शिक्षणाचा राज्यभरचा साचाही या भागात उशिराच आला.

मनाच्या बाजूने खरे वळण दिले ते आनापान या श्वास पाहण्याच्या पद्धतीने. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले. 1976 मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले आणि पुढे ऐंशीच्या दशकात मुलांसाठी खास शिबिरे भरू लागली. आनापानात श्वास लांबवायचा नाही, रोखायचाही नाही. नाकपुड्यांतून आपोआप येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. राग आला की श्वास बदलतो, हे मूल स्वतःच टिपू लागते. राग अंगावर येण्याआधी तो ओळखता येणे, हाच या पद्धतीचा मोठा लाभ. शिवाय नैसर्गिक श्वास कोणत्याच धर्माचा नसल्यामुळे सरकारी शाळेत तो अवघडल्याशिवाय शिकवता येतो. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने गेल्या दशकाच्या सुरुवातीला ‘मित्र उपक्रमा’तून आनापान शाळांत नेले. शाळा भरताना आणि सुटताना 10 मिनिटे, अशी त्याची आखणी होती.

2015 पासून दर 21 जूनला योग दिन होतो. वर्षातून एकदा मैदानावर केलेला प्राणायाम भांडणाच्या वेळी मुलाच्या कामी येणे अवघडच. 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी आलेल्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात ध्यान, प्राणायाम आणि श्वसनाची तंत्रे दर आठवड्याच्या वेळापत्रकात आली. केदारखेड्यासारख्या गावातल्या मुलांसाठी हा बदल मोलाचा आहे, कारण सराव नेहमी शांत वेळीच व्हावा लागतो. रडणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच ‘दीर्घ श्वास घे’ म्हणून भागत नाही.

या सरावात लहानांना उताणे झोपवून पोटावर वही ठेवायला सांगतात. ती वर-खाली होताना दिसली की पोटाने श्वास घेणे समजते. भ्रामरी प्राणायामातला भुंग्यासारखा आवाज उच्छ्वास आपोआप लांबवतो. कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, या वयात टाळतात, आणि दम्याच्या मुलावर कसलीच सक्ती करीत नाहीत. भीती किंवा उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर श्वसनावर विसंबता येत नाही. तिथे समुपदेशक लागतो. त्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा खेड्यांतूनही वापरता येते.