गाठीच्या तापाने बदललेली मुंबई

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी बंदराजवळच्या वस्तीतील एका रुग्णाला प्लेग, म्हणजेच गाठीचा ताप, झाल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. मांडवीत धान्याची गोदामे होती, उंदरांचा सुळसुळाट होता आणि अंधाऱ्या चाळींत माणसे दाटीवाटीने राहत होती. रोगाचे मूळ घाण आणि कोंदट हवेत आहे, अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे समुद्राचे पाणी सोडून गटारे धुतली गेली, भिंतींना चुना फासला गेला आणि उजेड आत यावा म्हणून छपरांवरची कौले उतरवली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. प्रत्यक्षात उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवले.

घरझडती आणि सक्तीने रुग्णालयात नेण्याची धास्ती रोगाइतकीच मोठी होती. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. 1897 च्या सुरुवातीपर्यंत जवळपास निम्मे शहर रिकामे झाले. गिरण्यांतले कामगार मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्यासाठी गावाकडचा मुलूख हाच आसरा होता. मजूर मिळेनात तेव्हा मालकांना रोजची मजुरी रोज चुकवावी लागली, वर जादा पैसेही मोजावे लागले. गावाशी टिकवलेले नाते हे चाकरमान्याचे बळ ठरले. 1891 मध्ये 8,21,764 असलेली लोकसंख्या 1901 मध्ये 7,76,006 वर आली.

प्लेगने शहराला संस्थाही दिल्या. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच प्रयोगशाळेतून वाढली. 1897 चाच साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च 2020 मध्ये कोविडसाठी पुन्हा वापरला.

1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले गेले, तर उत्तरेला दादर-माटुंग्यात आखीव वसाहती उभ्या राहिल्या. तिथली घरे मुख्यतः मध्यमवर्गाला परवडली. पाडलेल्या चाळींच्या मानाने गरिबांसाठी नवे गाळे कमी पडले, त्यामुळे दाटी हटली नाही, शेजारच्या वस्तीत सरकली. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि घरांचा अर्धवट सुटलेला प्रश्न तिच्या वाट्याला आला.