टेबलाचे टोपणनाव

कला शाखेच्या विद्यार्थिनीने कॉम्प्युटरवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. पण हा मुळात नावांचा प्रश्न आहे, आणि नाम-सर्वनाम ही तर आपल्याच वर्गातली मंडळी.

डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत, म्हणजे टेबलांत ठेवतात. ही रचना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी त्यासाठी प्रश्नभाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. समजा, 'विद्यार्थी' आणि 'शिक्षक' या दोन्ही टेबलांत 'नाव' हा रकाना आहे. दोन्ही जोडून नुसते 'नाव' मागितले, तर यंत्र अंदाज करीत नाही. संदिग्ध म्हणून प्रश्नच परत करते. म्हणून टेबलांना 'वि', 'शि' अशी टोपणनावे देऊन 'वि.नाव' लिहायचे. दोघांना एकच टोपणनाव दिले तरीही ते अडते.

टोपणनाव दिले की त्या प्रश्नापुरते मूळ नाव संपते. सासरी नाव बदललेल्या मुलीला तेथे माहेरच्या नावाने हाक मारावी, तसे ते होते. पोस्टग्रेस हे सॉफ्टवेअर पूर्वी या हाकेने फसे. 'वि' म्हटल्यावर पुन्हा 'विद्यार्थी.नाव' मागितले, की ही कोणी दुसरीच असेल असे समजून ते तेच टेबल आणखी एकदा पंक्तीला बसवी. साठ जणांच्या वर्गाची यादी मागावी आणि साठ गुणिले साठ, ३६०० ओळी हाती याव्यात! 'राहिलेले टेबल जोडत आहे' अशी सूचना ते देई. पण काम करून टाकल्यावर दिलेली सूचना कोण वाचतो? २००५ च्या ८.१ आवृत्तीपासून ही सवय मुळातच बंद ठेवण्यात आली, आणि २०१० च्या ९.० मध्ये ती सोयच काढून टाकली. आता यंत्र थांबते व वर विचारते, 'तुम्हाला टोपणनाव तर म्हणायचे नव्हते?' मला हे वळण फार आवडले.

एका जागी मात्र ते अजून गप्प राहते. प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असला, की आतल्या टेबलात न सापडलेले नाव ते बाहेरच्या टेबलात शोधते. 'दाखले' टेबलात ज्यांचा 'क्रमांक' आहे ते विद्यार्थी पटावरून काढा, असे सांगितले. पण तेथे त्या रकान्याचे नाव 'पटक्रमांक' निघाले. मग 'क्रमांक' बाहेरचाच धरला जातो, प्रत्येक जण स्वतःशीच जुळतो, आणि 'दाखले' मध्ये एक जरी ओळ असली तरी सगळा पट पुसला जातो. नियमाने सारे बरोबर, म्हणून इशारा नाही. 'दाखले' ला 'दा' म्हणून 'दा.क्रमांक' लिहिले, तर मात्र असा रकाना नाही म्हणून ते जागच्या जागी अडते.