गेम रंगात आला की पीसी का तापतो?

गेम ऐन रंगात आलेला असतो आणि चित्र अडखळायला लागतं. नेम धरावा तर माउस मागे राहतो, पंख्यांची घरघर शेजारच्या खोलीत ऐकू जाते, कॅबिनेटच्या मागे हात नेला तर गरम झोत लागतो. स्वयंपाकघरातून हाक येते, "बंद कर रे ते आता, जळेल एखाद्या दिवशी!" उन्हाळ्याच्या सुट्टीत पुष्कळ घरांत हेच ऐकू येतं. त्यातली काळजी खरी आहे, पण भीती चुकीच्या जागी आहे. आजचा प्रोसेसर उष्णतेनं सहसा जळत नाही. तो स्वतःला वाचवतो, आणि त्याचं ते वाचवणंच आपल्याला अडखळणं म्हणून दिसतं.

ही सोय सगळ्यांत पहिल्यापासून नव्हती. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळानं चालू संगणकातल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढून घेतला तर काय होतं, त्याचं चित्रीकरण केलं. एएमडीच्या तेव्हाच्या अ‍ॅथलॉनमधून बघता बघता धूर निघाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र नुसता मंदावला, आणि हीटसिंक परत बसवल्यावर पुन्हा पहिल्यासारखा धावू लागला. आता प्रत्येक प्रोसेसरमध्ये आणि ग्राफिक्स कार्डात तापमान मोजणारे संवेदक असतात आणि प्रत्येकाची एक वरची मर्यादा ठरलेली असते. इंटेलच्या १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना ती १०० अंश सेल्सिअस आहे, रायझेन ७००० मालिकेतल्या बहुतेकांना ९५, आरटीएक्स ३०६० कार्डाला ९३. मर्यादा जवळ आली की चिप आपला वेग उतरवते. तेवढ्यानं भागलं नाही, तर यंत्र सरळ बंद होतं.

म्हणून पडद्यावर ७८ चा आकडा दिसला की घाबरायचं कारण नाही. गेम चालू असताना प्रोसेसर ७० ते ८० आणि ग्राफिक्स कार्ड ६५ ते ८० या पट्ट्यात असेल, तर खुशाल खेळावं. ८५ च्या वर मुक्काम पडायला लागला की शोध घ्यायची वेळ झाली. आणि हा शोध पैसे खर्च न करता घेता येतो. 'गरम होतंय' म्हटल्यावर समोरचा माणूस लगेच नवा कूलर, नाही तर थेट लिक्विड कूलिंग सुचवतो, याचा मला मनापासून राग येतो. उष्णता अडली कुठे हे न बघता केलेली खरेदी बहुतेक वेळा वाया जाते.

संगणकात जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. आरटीएक्स ३०६० कार्ड भर कामात १७० वॅट घेतं, आय५-१२४०० प्रोसेसर चढलेल्या वेगात ११७ वॅटपर्यंत जातो, आणि आरटीएक्स ४०९० हे एकटं कार्ड ४५० वॅट खातं. या उष्णतेचा उगम किती लहान जागेत असतो तेही बघा. रायझेन ५६०० मधला मुख्य सिलिकॉनचा तुकडा जेमतेम ८० चौरस मिलिमीटरचा आहे. पत्र टाइप करताना किंवा हिशेब मांडताना तो अधूनमधून जागा होतो. गेममध्ये मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघं एकाच पेटीत तासन् तास राबतात, आणि कार्डानं बाहेर टाकलेली गरम हवाच वरच्या प्रोसेसरच्या पंख्याला ओढावी लागते.

या उष्णतेला तीन टप्पे पार करायचे असतात. आधी चिपमधून हीटसिंकमध्ये, मग हीटसिंकमधून कॅबिनेटच्या हवेत, आणि शेवटी कॅबिनेटमधून खोलीत. तिन्हींपैकी एक टप्पा जरी तुंबला, तरी आकडा वर चढतो. कुठला तुंबलाय हे आकडा कसा चढतो त्यावरून कळतं.

'एचडब्ल्यूइन्फो'सारखा फुकट मिळणारा प्रोग्राम चालू ठेवा आणि गेम सुरू करा. अगदी काही सेकंदांत प्रोसेसर ४५ वरून ९५ वर उडी मारत असेल, तर घोटाळा पहिल्या टप्प्यात आहे. चिप आणि हीटसिंक यांचा नीट स्पर्शच होत नाहीये. उलट आकडा सावकाश, पंधरा-वीस मिनिटं चढत राहत असेल, तर हवा अडली आहे. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढायचं आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळायचा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. काही फरक पडला नाही, तर हीटसिंकच्या पात्यांत धूळ आहे किंवा पंखा थकला आहे. एका दुपारची ही चाचणी, पण तिनं अर्धं निदान होतं. झाकण मात्र कायमचं काढून ठेवू नये. धूळ थेट आत जाते, आणि समोरून मागे जाणारा हवेचा ओघही मोडतो.

पहिल्या टप्प्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि हीटसिंकचा तळ दोन्ही गुळगुळीत दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींवर सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांबं हवेच्या सुमारे पंधरा हजार पट चांगलं उष्णता वाहून नेतं. म्हणजे केसापेक्षा पातळ असा हवेचा थरसुद्धा महागडा कूलर निकामी करायला पुरेसा आहे. थर्मल पेस्ट हे खळगे भरते. काही वर्षांत ती सुकते, किंवा सतत तापून-निवून कडेला सरकते. नवी लावायची तर जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मधोमध वाटाण्याहून लहान थेंब ठेवायचा आणि हीटसिंक सरळ दाबून बसवायचा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा, असं नाही. जाड थर पुन्हा अडथळाच होतो.

नवीन जुळवलेला पीसी पहिल्या दिवसापासून तापत असेल, तर दोन गोष्टी आधी तपासाव्यात. कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढायची राहिली आहे का? आणि इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरच्या चार कोपऱ्यांतल्या पुश-पिनांपैकी एखादी अर्धवट बसली आहे का? या दोन्ही चुका सर्रास होतात. एएम४ सॉकेटचा रायझेन असेल, तर कूलर काढताना सरळ वर ओढू नये. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. आधी पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग तो बंद करून, वायर काढून कूलर हलक्या हातानं डावी-उजवीकडे पिळत सोडवावा.

आता धुळीकडे येऊ, कारण आपल्याकडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिच्यात आहे. कूलरवरचा पंखा चार स्क्रू काढून बाजूला करून बघा. पंखा बाहेरून बरा दिसतो, पात्यांवर पुसट राखाडी थर असतो इतकंच. खरी धूळ त्याच्या खाली, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या तोंडाशी साचलेली असते. केस, कापसाचे तंतू, उदबत्तीचा धूर, फोडणीच्या तेलाचा चिकटा हे सगळं मिळून तिथे घोंगडीसारखा जाड थर तयार होतो. चिमटीत धरून ओढला तर अखंड निघतो. पंखा पूर्ण वेगानं फिरत असतो, आवाज करत असतो, पण पात्यांमधून हवा जातच नाही. कॅबिनेट जमिनीवर ठेवलेलं असेल, तर रोजचा केर काढताना उडालेली धूळ पहिली तिथेच जाते. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू असेल तर विचारायलाच नको.

साफसफाईसाठी पीसी बंद करून वायर काढायची, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, आणि कॅबिनेट गॅलरीत न्यायचं. रंगकामाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर एवढं पुरतं. ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटानं धरून ठेवायचा. झोतानं तो भलत्या वेगानं फिरला तर बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून बोर्डात ढकलू शकते. एसएमपीएस (वीज पुरवणारी पेटी) मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहते. त्याला बाहेरूनच हवा मारावी.

तिसऱ्या टप्प्याचा गुन्हेगार पुष्कळदा फर्निचर असतं. सुताराकडून बनवून घेतलेल्या कॉम्प्युटर टेबलात 'सीपीयू' ठेवायला कप्पा असतो, त्याला मागे प्लायवूड आणि पुढे दार. दिसायला छान, पण आत बाहेर पडलेली हवाच पुन्हा पुन्हा ओढली जाते. मागचं प्लायवूड कापून काढा किंवा कॅबिनेट सरळ बाहेर घ्या. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. दुसरा दोष कॅबिनेटच्या निवडीतच असतो. समोर अखंड काच आणि तिच्यामागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे, ही रचना दुकानात लक्ष वेधून घेते, पण त्या पंख्यांना श्वास घ्यायला कडेची चिंचोळी फट तेवढी उरते. त्याच पैशांत समोर जाळी असलेलं कॅबिनेट मिळत असेल, तर मी डोळे झाकून जाळी घ्यायला सांगेन.

पंख्यांची दिशाही बघावी. समोरून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, हा साधा नियम. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारी चौकट दिसते, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. सगळेच पंखे बाहेर फेकणारे लावले, तर आत येणारी हवा प्रत्येक फटीतून धूळ घेऊन येते. आत ओढणारे थोडे जास्त आणि त्यांच्यापुढे धुण्याजोगी गाळणी, ही मांडणी टिकते.

हे सगळं ठीक असेल, तर गेमच्या सेटिंग्जकडे वळावं. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवतो. ग्राफिक्स कार्डाला मोकळं सोडलं, तर ते २०० काढतं. वरची चित्रं पूर्ण दिसतच नाहीत, त्यांची उष्णता मात्र पुरेपूर मिळते. विशेष म्हणजे साध्या मेनूच्या पडद्यावर हे जास्त होतं, कारण तिथे काम हलकं आणि फ्रेम बेसुमार. २०१० मध्ये 'स्टारक्राफ्ट २' आला तेव्हा हीच अडचण झाली आणि ब्लिझार्डनं फ्रेमची मर्यादा घालायचा उपाय सांगितला. २०२१ च्या जुलैत 'न्यू वर्ल्ड'च्या चाचणी आवृत्तीत काही आरटीएक्स ३०९० कार्डं कायमची बंद पडली. त्यात एका निर्मात्याच्या कार्डांवरच्या सोल्डरिंगचा दोष पुढे मान्य झाला, आणि गेममध्येही मेनूला फ्रेमची मर्यादा घातली गेली. तेव्हा व्ही-सिंक किंवा फ्रेमची मर्यादा लावून टाकावी. खेळण्यातली मजा तीळभर कमी होत नाही.

याहून पुढे जायचं असेल तर व्होल्टेज. चिप खाते त्या विजेतला मोठा भाग व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तोच वेग ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवता आलं, तर विजेचा हा भाग जवळजवळ १९ टक्के घटतो. 'एमएसआय आफ्टरबर्नर'मध्ये पॉवर लिमिटची पट्टी ८० टक्क्यांवर आणणं हा त्यातला सगळ्यात सोपा आणि निर्धोक मार्ग. फ्रेम त्या प्रमाणात पडत नाहीत, कारण शेवटच्या थोड्याशा वेगासाठीच कार्ड सगळ्यात जास्त वीज जाळत असतं.

एक सावधगिरी. प्रत्येक बंद पडणं उष्णतेमुळे नसतं. तापमान ७० वर असताना पीसी खटकन बंद होत असेल, तर संशय आधी स्वस्तातल्या एसएमपीएसवर घ्यावा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरवर गेम कोसळत, त्याचं कारण जादा व्होल्टेज असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. कंपनीनं मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल, तर कूलर बदलण्याआधी बायोस अद्ययावत करावा.

राहिली खोली. खोली एका अंशानं तापली की चिपही साधारण तितकीच वर जाते. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ६८ दाखवणारं कार्ड मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या ३८ अंशांच्या खोलीत, तोच गेम खेळताना ८६ दाखवेल, आणि तो बिघाड नाही. वाळ्याचा कूलर लावला तर त्या कोरड्या हवेत चांगला उपयोग होतो. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, कारण ओलसर हवेत धूळ पात्यांवर घट्ट बसते. कोकणात प्रश्न दमटपणाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा आहे. तिथे पंख्यांची आणि स्लॉटची तपासणी वर्षातून एकदा जास्तच करावी.

साफसफाई झाली की एक कागद घ्यावा. तारीख, खोलीचं तापमान, आणि नेहमीचा गेम अर्धा तास खेळल्यानंतरचे प्रोसेसरचे व कार्डाचे आकडे त्यावर लिहून तो बाजूच्या झाकणावर आतून चिकटवावा. पुढच्या खेपेला बघायचं ते खोली आणि चिप यांच्यातलं अंतर. ते कागदावरच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी वाढलेलं दिसलं, की ब्रश आणि ब्लोअर काढायचा.